गिरणीच्या इंजनात करंजाचं तेल

...आणि वर मलाच विचारतात, "सर, तुमची पीएचडी नेमकी कशात हो?" आता बोला! तुम्हाला सांगतो, परभणीला कॉलेजात उभं आयुष्य रसायनशास्त्र शिकवलं, खडूची पूड नाकात जाऊन जाऊन अजून शिंका येतात, उत्प्रेरक या विषयावर एवढा जाड प्रबंध लिहिला, परीक्षकांनी तो वाचला असावा असं मला वाटतं, खात्री नाही, पण पदवी दिली... आणि निवृत्त होऊन गावी बोरीला आलो, तर स्टँडवर चहा पिता पिता माणसं माझी तोंडी परीक्षा घ्यायलेत! "कशात म्हणलाव?" उत्प्रेरकात. "म्हंजी इंजनात न्हाई?" नाही, इंजनात नाही! पण इंजन बंद पडलं नाही. एवढं ध्यानात ठेवा. मी आता पुढं काय वाट्टेल ते सांगेन, माझा स्वभावच असा आहे, स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची म्हटली की मी पहिल्या बाकावर जाऊन बसतो, पण इंजन बंद पडलं नाही!

कसलं इंजन? हां. सुरुवातीपासून सांगतो. मला सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही, वर्गातही असंच व्हायचं, तास संपत आला की मला सुरुवात सापडायची...

तर इंजन माझ्या पुतण्याचं, वैभवचं. त्याची बोरीत पिठाची गिरणी आहे. लाइटचा काही नेम नाही, म्हणून त्यानं एक जुनं डिझेलचं इंजन ठेवलंय, त्याच्या आज्याच्या काळातलं, काळं, धिप्पाड, वर पत्र्याचं नळकांडं, आणि सुरू झालं की टुक्... टुक्... टुक्... सगळ्या गावाला कळतं की दळण चालू आहे. आणि त्या इंजनावर, तुम्हाला सांगतो, माझं सगळं म्हातारपण टांगलेलं होतं!

कसं ते ऐका. माझा मुलगा राजेश्वर पुण्यात असतो, अकराव्या मजल्यावर. चांगला मुलगा आहे, तक्रार नाही. पण दर रविवारी फोन. "अप्पा, आता पुरे. आईला घेऊन इकडं या. तिकडं ठेवलंय काय?" ठेवलंय काय! अरे, घर ठेवलंय, परसात करंजाची सावली ठेवलीय, आणि त्या सावलीत पत्र्याची शेड ठेवलीय माझी! शेड म्हणजे माझी प्रयोगशाळा. एक ड्रम, एक शेगडी, तापमापी, मोजपात्रं, आणि वास. राजेश्वरला त्या वासाची धास्ती. "अप्पा, तुम्ही या वयात घराच्या मागं मिथेनॉल घेऊन बसलाय! भडका उडाला तर?" आता खरं सांगू? मलाही तीच धास्ती! मी झाकण लावतो, लावलेलं झाकण परत बघतो, जेवायला बसतो, घास तोंडात आणि उठून झाकण बघून येतो. पण मी घाबरतो तो माझा प्रश्न आहे. तो माझ्या वतीनं घाबरतो, हे मला बिलकुल चालत नाही!

काय करतो मी शेडमध्ये? करंजाच्या तेलाचं डिझेल करतो. हसू नका. म्हणजे हसा, सगळेच हसतात. करंजाच्या बिया आणून देते आमची कोंडाबाई, शेळ्या-मेंढ्या राखते, दिवसभर जिंतूरच्या रस्त्यानं झाडांखाली हिंडते, तिला म्हटलं शेंगा पडलेल्या दिसतील त्या वेचून आण. तिनं आणल्या. पोतं टाकलं आणि कमरेवर हात ठेवून उभी. "ओ सर, हे माझी शेळी बी खात न्हाई, आन् तुमी इंजनाला पाजायलाव? त्यानं तुमचं काय वाईट केलं?"

तिला मी समजावलं. चूक केली. मी कुणालाही समजावायला लागलो की माझाच गोंधळ वाढतो. म्हटलं, कोंडाबाई, सेलूच्या घाण्यावरून तेल काढून आणलं, ते तसंच इंजनात घालता येतं, इंजन चालतं बी, पण तेल असतं जाड. नीट जळत नाही, काजळी धरतं, तेल फवारायचं जे नोझल असतं, ते तुंबतं. का जाड? तर तेलाचा एकेक कण म्हणजे एका दावणीला बांधलेले तीन बैल. तिघं एकमेकांना ओढतात, धड चालत नाहीत. त्यांना सोडवायचं. मिथेनॉल घालायचं, ऊब द्यायची, आणि मुख्य म्हणजे उत्प्रेरक घालायचा. उत्प्रेरक दावणीच्या गाठी सुटायला मदत करतो, बैल सुटे होतात, तेल पातळ, झालं डिझेल! दावण राहते ती खाली बसते, तिला म्हणायचं ग्लिसरीन. आणि गंमत म्हणजे एवढं सगळं करून उत्प्रेरक स्वतः जसाच्या तसा!

आमच्या गंगम्मा, म्हणजे माझी बायको, ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हंजी स्वतः काडी हलवायची न्हाई, नुसतं मधी उभं राहायचं, आन् सगळं झालं की माझ्यामुळं झालं म्हणायचं? मग उत्प्रेरक तुमीच की ओ!"

कोंडाबाई जी हसली, जी हसली... बरोबर आहे का ही व्याख्या? चूक म्हणता येत नाही हो, तोच तर त्रास आहे! माझ्या प्रबंधात हेच आहे, फक्त पानं जास्त लागली.

तर राजेश्वर आला शिवरात्रीच्या आधी. मोठी गाडी घेऊन. मोठी कशाला? सामान बसावं म्हणून! जेवणं झाली आणि म्हणाला, "अप्पा, एकदाच काय ते ठरवू. तुमच्या तेलावर वैभवची गिरणी चालवून दाखवा. दिवस तुम्ही ठरवा, सकाळी इंजन सुरू करायचं, आलेलं सगळं दळण होईपर्यंत चालवायचं. मधे बंद पडलं, तर तुम्ही दोघं माझ्या गाडीत बसायचं, शेडला कुलूप. आणि नाही बंद पडलं, तर मी पुण्याचा विषय पुन्हा काढणार नाही."

आणि मी... हो म्हणालो! मी! जो माणूस शेंगदाणे घेताना दोन दुकानं फिरतो, तो मी, ताडकन् म्हणालो, "मंजूर!" कुठून आला तो आवाज मला माहीत नाही. मी मागं वळून पाहिलं, दुसरं कुणी बोललं का म्हणून!

वैभवला सांगितलं तर तो हात जोडून उभा. "काका, माझं इंजन म्हातारं हाय. तुमच्या दोघांच्या भांडणात त्याला कामून घेता? आन् पिठाला करंजाचा वास आला तर गिऱ्हाईक मला दळून काढंल!" म्हटलं, वैभव, वास धुराला येईल, पिठाला नाही. इज्जतीचा प्रश्न आहे. तो म्हणाला, "कुणाच्या?" ...म्हणजे असं विचारतात का हो चुलत्याला?

आता उत्प्रेरकाचं सांगतो, कारण घोळ तिथंच आहे. उत्प्रेरक कशाचा करायचा? जिकडंतिकडं लिहिलंय, अंड्याची टरफलं भट्टीत भाजा, उत्तम उत्प्रेरक! वाचायला उत्तम. स्टँडवर चहा पिता पिता मी हे बोलूनही बसलो होतो. पण आमच्या घरात? आम्ही लिंगायत, गळ्यात लिंग, रोज पूजा, आणि मी परसात टरफलं भाजतोय? गंगम्मांनी मलाच भट्टीत घातलं असतं. मग मी चुन्याची कळी आणली, पोटॅशच्या पाण्यात भिजवली, वाळवली, भाजली, कुटली, वस्त्रगाळ केली. पांढरी शुभ्र, मऊ पूड. आता या पुडीचा एकच शत्रू, ओल. हवेतली ओल लागली की गेली कामातून. तर मी विचार केला... इथं नीट ऐका, कारण शिकलेला माणूस चुकतो तेव्हा किती शिस्तीत चुकतो बघा... मी विचार केला, घरातली सगळ्यात कोरडी जागा कोणती? देवघर! तिथं समई अखंड जळते, हवा कायम कोरडी. म्हणून पूड स्टीलच्या डब्यात भरली, वर चिठ्ठी चिकटवली, आणि डबा ठेवला देवघरातल्या कोनाड्यात. तिथं आधीपासून दुसरा एक स्टीलचा डबा होता. त्यात काय होतं? मी कशाला बघू? माझं लक्ष आर्द्रतेवर होतं!

झालं. दोन दिवस आधी तेल केलं. तेल तापवलं, मिथेनॉल घातलं, चष्म्यावर वाफ, देवघरातून डबा आणला, पूड घातली, ढवळलं, ढवळलं, निवायला ठेवलं. आणि सकाळी बघतो तर वर पिवळंधमक तेल आणि खाली जाड थर! मी नाचायचा बाकी राहिलो. गंगम्मांना बोलावलं, वैभवला बोलावलं, कोंडाबाई शेळी सोडून आली. म्हटलं, बघा, हे ग्लिसरीन! दावण सुटली! कोंडाबाई वाकून म्हणाली, "मला तर गाळ दिसायलाय." म्हटलं, कोंडाबाई, दृष्टी लागते त्याला. तिनं डोळे चोळून परत पाहिलं, म्हणाली, "चांगल्या दृष्टीला बी गाळच दिसायलाय."

उजाडला तो दिवस. गिरणीपुढं ही गर्दी! तुम्हाला सांगतो, ज्या घरात तीन पिढ्या कुणी स्वतः दळण घेऊन आलं नव्हतं, तिथले कर्ते पुरुष डोक्यावर ज्वारीचा डबा घेऊन हजर. दळण निमित्त, मजा बघायची होती! राजेश्वरनं गाडी आणून समोर लावली, तोंड रस्त्याकडं, डिकी उघडी. डिकी उघडी ठेवायची काय गरज होती? मला नुसती ती उघडी डिकी दिसत होती. जबडाच तो!

गंगम्मा म्हणाल्या, पूजेशिवाय सुरू करायचं न्हाई. मी म्हटलं, प्रयोग आहे. त्या म्हणाल्या, "व्हय, म्हणून तर!" देवघरातून डबा घेऊन आल्या, बोटं बुडवली, आणि इंजनाला विभूतीचे तीन आडवे पट्टे. मग वैभवच्या कपाळाला तीन. राजेश्वरच्या कपाळाला तीन. मग रांगच लागली, गंगम्मांच्या हातची विभूती, शिवरात्रीसाठी केलेली, अख्खी गल्ली त्यांच्याकडूनच नेते, कोण सोडतंय? दहा-पंधरा कपाळं झाली. शेवटी माझं. थंडगार लागायला हवी विभूती. लागली नाही, पण तेव्हा कुणाचं लक्ष होतं?

वैभवनं हँडल घातलं. फिरवलं. फुस्स. परत फिरवलं. फुस्स. राजेश्वरनं घड्याळ पाहिलं. अरे, घड्याळ काय बघतोस, बापाकडं बघ! तिसऱ्यांदा वैभवनं सगळं अंग घालून फिरवलं आणि... टुक्... टुक्... टुक् टुक् टुक् टुक्! चाललं! नळकांड्यातून निळसर धूर, कडवट वास, पट्टा फिरला, जातं घुमायला लागलं, आणि ज्वारीचं पहिलं पीठ पडलं हो! पांढरं! बिनवासाचं! मी मुठीत घेऊन सगळ्यांना वास द्यायला लागलो, वास नाही तर द्यायचा काय, पण देत होतो. इंजन बंद पडलं नाही! एवढं ध्यानात ठेवा.

आणि तेवढ्यात वैभव म्हणाला, "काका, कपाळ चुरचुरायलंय."

मी म्हटलं, घाम असेल. मग राजेश्वर म्हणाला, "अप्पा, माझंही." मग मागून एक, मग बाजूनं एक... आणि मग माझं! घाम उतरला कपाळावर आणि तीन पट्टे असे तापले, जसं कुणी... आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तुम्हाला सांगतो, एवढा प्रकाश मला प्रबंध लिहितानाही पडला नव्हता. चुना! पोटॅश! घामाचं पाणी! अरे देवा, ही विभूती नाही, हा माझा उत्प्रेरक आहे!

मी ओरडलो, "पाणी लावू नका! आधी झटका! कोरड्या फडक्यानं झटका, सगळं झटकून झालं की मग भरपूर पाणी!" लोक उपरण्यानं, पदरानं, पोत्यानं कपाळं झटकायलेत, पाण्याच्या टाकीवर झुंबड, इंजन टुक् टुक्, आणि प्रत्येकाच्या कपाळावर लालबुंद तीन पट्टे! इजा कुणाला झाली नाही हो, उतरले ते संध्याकाळपर्यंत. पण पंधरा लिंगायत माणसं कपाळ धरून माझ्याभोवती उभी, मी माफी मागायला तोंड उघडलं, आणि सगळ्यांचा मिळून प्रश्न एकच. "सर, खरं सांगा... यात अंड्याचं काही न्हाई ना?"

नाही! शपथेवर नाही! चुन्याची कळी आहे, पानाला लावता त्याच जातीची! "मग काय हरकत न्हाई," म्हणाले, आणि परत रांगेत जाऊन उभे राहिले. कपाळ भाजलेलं चाललं!

गंगम्मांना विचारलं, डब्यावरची चिठ्ठी कुठं गेली? "देवाम्होरं चिठ्ठी चिकटवलेला डबा बरा दिसतो का? दोन्ही डबे चिंचेनं घासून लख्ख केले मी." दोन्ही! एकसारखे! त्यांच्याच माहेरच्या आहेरातले, दोन्हींवर त्यांचंच नाव कोरलेलं! आणि डबा उचलताना माझ्या चष्म्यावर वाफ, चिठ्ठी आहे की नाही मी कुठं बघितलं?

आता तुम्ही हुशार आहात, तुमच्या ध्यानात आलं असेल. माझ्या ध्यानात यायला जरा उशीर लागला. उत्प्रेरक जर कपाळावर आहे... तर तेलात काय आहे?

विभूती!

मी मटकन् पोत्यावर बसलो. म्हणजे इंजनाच्या टाकीत डिझेल नाही. ते नुसतं करंजाचं जाड तेल आहे, देवाची राख घालून ढवळलेलं. खालचं ग्लिसरीन म्हणजे खरोखर गाळ! मग मी मनाची समजूत घालायला लागलो, शेणाच्या राखेत पोटॅश असतं, तेही उत्प्रेरक आहे, थोडंफार काम झालं असेल... पण गंगम्मांची विभूती! ती सात वेळा पाण्यात कालवून, निवळून, गाळून घेतात त्या! पोटॅश पाण्याबरोबर केव्हाच ओढ्याला गेलं! दावणीची एक गाठ सुटलेली नाही, तिन्ही बैल बांधलेले, आणि इंजन... टुक् टुक् टुक् टुक्!

कसं चाललंय? अहो, मीच तर सांगितलं होतं, जुनं संथ इंजन, नुसत्या तेलावरही काही वेळ चालतं! काही वेळ! मग तुंबणार! केव्हा? आता? आता? आणि तुम्हाला सांगतो, माझी जी काही परेशानी झाली म्हणता... इंजन बंद पडलं तर माझं शास्त्र खरं, पण मी पुण्याला. इंजन चालू राहिलं तर मी बोरीत, पण माझं शास्त्र गेलं! मी मागायचं काय? आणि कुणाकडं? विभूती तर इंजनात!

राजेश्वर माझ्याकडं बघतोय, मला घाम फुटलाय, त्याला वाटलं मी इंजनासाठी घाबरलोय. अरे, इंजनासाठी नाही रे बाबा, इंजन चाललंय म्हणून घाबरलोय!

डब्यामागून डबे दळले गेले. दुपार कलली. शेवटचा डबा पिठानं भरला, वैभवनं हात पुसला, मी म्हटलं सुटलो... आणि रस्त्याच्या वळणावरून हाक. "थांबा ओऽऽ! माझं ऱ्हायलंय!" कोंडाबाई! पुढं शेळ्या, डोक्यावर गाठोडं! आणि नेमकं त्याच वेळी इंजनाला ठसका लागला. टुक्... टु... ख्यॅक्... टुक्... भसकन् काळा धूर. पट्टा मंदावला. राजेश्वर डिकीकडं एक पाऊल सरकला, मी पाहिलं! गंगम्मांनी डोळे मिटले. वैभव इंजनाच्या कानात, इंजनाला कान असतो असं समजून, म्हणाला, "एवढं दळ, मग आपण दोघं मरू." ख्यॅक्... टुक्... टुक्... टुक् टुक् टुक्! ओढलं! कोंडाबाईची ज्वारी पडली जात्यात, पीठ झालं, गाठोडं बांधलं, आणि मग, आणि मगच, वैभवनं स्वतःच्या हातानं इंजन बंद केलं. केलं! पडलं नाही! इंजन बंद पडलं नाही!

काय तो जल्लोष. माणसं माझ्या पाठीवर थापा मारायलेत, राजेश्वर पुढं आला, डोळ्यात पाणी, वाकला, म्हणाला, "अप्पा, तुम्ही जिंकलात. मी हरलो."

आणि मी काय केलं असेल? गप्प बसलो असेन? गप्प बसायचं, बस्स, एवढंच काम होतं! पण नाही. मी पोत्यावर उभा राहिलो आणि ओरडलो, "प्रयोग फसला!"

सगळे गार. "इंजन चाललं की सर!" म्हटलं, चाललं, पण चुकीच्या कारणानं चाललं! तेलात उत्प्रेरक नव्हताच, विभूती होती! आणि मग... गंगम्मांनी सावकाश हात जोडले, गर्दीनं हात जोडले, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "सर, माझ्या ट्रॅक्टरला चिमूटभर देता का?"

नाही! म्हटलं, मुळीच नाही! विभूती कपाळाला लावा, गळ्याला लावा, मीही रोज लावतो, माझी श्रद्धा आहे, पण डिझेलच्या टाकीत घालायची नाही! त्यात पोटॅश नाही! "पोटॅश नसताना बी चाललं," म्हणाले, "मग असतं तर कुठं पोचलं असतं!" याला काय उत्तर आहे? मी खरंच विचारतो, तुम्हाला सुचत असेल तर सांगा.

राजेश्वर मला बाजूला घेऊन गेला. "अप्पा, तुम्ही जिंकलाय." नाही, मी हरलोय. "इंजन चाललं." प्रयोग फसला. "बरं, फसला! मग बसा गाडीत."

गाडीत? मी असा भडकलो म्हणता! "गाडीत कशाला? फसलेला प्रयोग टाकून कुणी पुण्याला जातं का? जमला असता तर गेलो असतो एक वेळ! फसलाय, म्हणून तर राहायलाच पाहिजे!" त्यानं माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं. गंगम्मा म्हणाल्या, "राजू, तू जा बाबा. ह्यांना जिंकल्यावर बी घरी न्यायची सोय न्हाई आन् हरल्यावर बी न्हाई." त्यानं डिकी लावली. माझ्या जिवाला केवढा सुकून! म्हणाला, "ठीक आहे. परत करा, बरोबर डबा घ्या, आणि जे होईल ते खरं सांगा. अट तीच." आणि गेला.

दुसऱ्या दिवशी वैभवनं इंजन खोललं. नोझल तुंबलेलं, आत नुसता डिंक! मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, मी ओरडलो, "बघ! मी सांगत होतो! जाड तेलानं तुंबतं!" वैभव हातात पाना घेऊन उभा. म्हणाला, "काका, तुमचं शास्त्र खरं झालं, पण माझं इंजन गेलं न्हवं?" दुरुस्त करून दिलं हो मी, नाही असं नाही. पण शास्त्र खरं झालं!

मग केला परत. या वेळी चूक नाही. डब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर दोरा, गंगम्मांना देवघरात जाताना डब्यावर बोट ठेवून बजावलं, हा माझा, तो तुमचा. मिथेनॉल घातलं, माझा उत्प्रेरक, अस्सल, कोरडा, प्रबंधाबरहुकूम, घातला, ढवळलं. निवायला ठेवलं. सकाळी झाकण काढलं...

बासुंदी.

दाट, पांढरट, पळी उभी राहील अशी! वर तेल नाही, खाली थर नाही, सगळं एकजीव! मी पळीनं उचललं, फेस आला. आणि मग आठवलं. अहो, कोंडाबाईच्या बिया पावसाळाभर तिच्या छपरात ओलावल्या होत्या, ओलावलेल्या बियांचं तेल आंबट होतं, आणि आंबट तेलात चुना-पोटॅश घातलं की डिझेल होत नाही, होतो... हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगायचो हो! फळ्यावर लिहून, खाली रेघ मारून! साबण!

वैभवनं बोट बुडवून पाहिलं आणि इंजनाच्या पुढं आडवा झाला. "काका, माझ्या मढ्यावरून जा, पण हे आत जायचं न्हाई."

रविवारी फोन. "अप्पा, काय झालं?" आता खोटं बोलता येतं का? म्हटलं, "साबण झाला." तो म्हणाला, "म्हणजे अप्पा... अटीप्रमाणे..." आणि इथं, तुम्हाला सांगतो, माझ्यातला तो कुठला आवाज असतो ना, तो परत आला. म्हटलं, "अट काय होती? इंजन मधे बंद पडलं तर यायचं. बंद पडलं का? सुरूच कुठं झालं! इंजन बंद पडलं नाही!" मला वाटलं रागावला, मला वाटलं चुकलं माझं, मी फोन कानाला इतका दाबला की कान दुखला... आणि मग हसायला लागला. लहानपणी हसायचा तसा. म्हणाला, "राहा अप्पा. तुम्ही तिथंच राहा. मी येत जाईन. झाकण तेवढं लावत जा."

जिंकलो! म्हणजे मला वाटतं जिंकलो, खात्री नाही. फोन ठेवून मागं वळलो तर गंगम्मा परसातल्या पाण्याच्या टाकीवर हात धूत होत्या, माझ्या त्या... उत्पादनानं. दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, नाकाला लावले, आणि म्हणाल्या, "तेलकटपणा झकास जायलाय ओ. पुढच्या येळी जरा चंदनाचा वास घाला."

घालतो म्हटलं. काय करता?